उतारावर ब्रेक उशिरा

दसरा आठ दिवसांवर आला की आमच्या म्हैसुरात ज्याच्या त्याच्या नाकात काही ना काही शिरतं. कुणाला शेवंतीचा वास येतो, कुणाला नव्या चुन्याचा, कुणाला हत्तींच्या अंगाला चोळलेल्या तेलाचा. माझ्या नाकात पेट्रोल शिरतं आणि डोकं फिरतं. दारोदारी मोटारी धुवायला काढलेल्या असतात. पितळी दिवे चिंचेनं घासतात, भोंग्याच्या रबराला खोबरेल चोळतात, आयुधपूजेला चाकांखाली ठेवायची लिंबं आधीच पाटीत येऊन पडलेली असतात. ते बघून लोकांना सण आल्यासारखं वाटतं. मला शेखरय्या आठवतो.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. या माणसावर मी सूड घेतला आहे. चौदा वर्षं डूख धरून, अगदी सरकारी शाईनं घेतला आहे. मी मोटार चालवण्याची परीक्षा घेतो. माझ्या शेऱ्यावर माणसाला परवाना मिळतो किंवा मिळत नाही. तो शेरा मी एकदा खोटा लिहिला. गेल्या दसऱ्यालाही तो कागद माझ्या डोळ्यांपुढे आला आणि मी स्वतःला सांगितलं, बरं केलंस, तुकोजी. या वर्षी मात्र ते सांगताना जीभ अडखळते आहे, म्हणून लिहायला बसलो.

हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, रस्ते वाईट. अरे, तुम्ही वाईट बघितलं कुठे? सोळा वर्षांपूर्वी एक मोटार पुढे गेली की मागच्याला लाल धुरळ्याखेरीज काही दिसत नसे. तो बिचारा तोंडाला पंचा बांधून, देवाचं नाव घेऊन, समोर रस्ता असेलच अशा भरवशावर चालायचा. बोगादीकडून येणारा बैलगाडीवाला गाडीत निजलेला. बैलांना बाजाराची वाट पाठ, त्यामुळे त्याला उठायची गरज नाही. भोंगा वाजवला तर बैल उधळणार, नाही वाजवला तर हलणार नाहीत. सकाळी हत्ती आंघोळीला निघाले की मोटारीनं बाजूला होऊन इंजिन बंद करायचं, हा कुठेही न लिहिलेला कायदा. आणि आश्विनात उडीद निघाला की शेतकरी बायका तो काडांसकट रस्त्यावर पसरत, अजूनही पसरतात. जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या चाकांखाली मळणी फुकट होते. त्या काडांवर ब्रेक मारलात तर मोटार तुम्हाला विचारत नाही, तिला हवं तिकडे जाते.

त्या रस्त्यावर मोटार चालवणाऱ्याला शिकवायचं काय? काही नाही. मोटार विकणारा आपला माणूस आठ दिवस ठेवायचा. तो दोनदा चालवून दाखवायचा, एकदा शेजारी बसायचा आणि जेवून गावाला जायचा. बैलाला गाडीला जुंपण्यापूर्वी वर्षभर शिकवतात. घोड्याला रिसाल्यात घेण्यापूर्वी दोन वर्षं. माणसाला आठ दिवस पुरे, कारण माणूस शहाणा. जळो ते शहाणपण.

माझे आबा, दफेदार खंडेराव, रिसाल्यातले. आमची चौथी पिढी इथल्या घोडदळात. घरात बोलणं मराठी, पण घोड्याशी बोलायची मराठी आमची वेगळीच होती, अर्धी जिभेची आणि अर्धी टाचेची. आबा घोड्यावर बसले की लगाम नुसता हातात असे, ओढावा लागत नसे. 'होऽ राजा' एवढं म्हणून किंचित मागे रेलले, रिकिबीत पाय दाबले, की घोडा जिथल्या तिथे खिळायचा. पंचवीस वर्षं त्यांनी बन्नीमंटपाच्या मैदानावर नवी घोडी तयार केली. मग घोडे कमी करायचं ठरलं आणि कुणा वरच्याच्या डोक्यात आलं की ज्याला घोडा कळतो त्याला मोटार कळेलच. पन्नाशीला टेकलेल्या सहा दफेदारांना मोटारखान्यात पाठवलं. पंधरा दिवसांनी परीक्षा. पास झाला तर पितळी बिल्ला, नाही तर अर्ध्या पगारावर घरी.

परीक्षा बन्नीमंटपावरच होती. चुन्यानं आठाचा आकडा आखलेला, त्यावरून मोटार फिरवायची. घोड्याला त्याच जागी आबांनी हजार वेळा आठ काढायला लावला होता. मी वीस वर्षांचा, कुंपणाला टेकून उभा. आबांचा फेटा नवा होता आणि मिशीला तूप लावलेलं होतं. आठाचं पहिलं वेटोळं त्यांनी इतकं सुरेख घेतलं की परीक्षा घेणारे पोलिसातले म्हातारे साहेब मान डोलवायला लागले. तेवढ्यात रस्त्यावर पाणी मारणारा पाणक्या पाठीवर पखाल घेऊन मैदानात आडवा आला.

पुढे जे झालं ते फक्त घोडेस्वाराच्या हातूनच होऊ शकतं. आबा मागे रेलले. स्टिअरिंगचं चाक त्यांनी दोन्ही मुठींनी छातीकडे ओढलं, दोन्ही पाय रिकिबीत दाबावेत तसे पुढे रोवले आणि शांतपणे म्हणाले, "होऽ राजा, होऽ." त्या मोटारीत वेगाचं पेडल मधोमध होतं आणि आबांचा उजवा पाय नेमका त्याच्यावर. मोटारीनं उडी घेतली. पाणक्या पखाल टाकून पळाला, चाक पखालीवरून गेलं, पाण्याचा फवारा उडाला आणि मोटार बांबूच्या कुंपणात शिरून गप्प झाली. कुणाला लागलं नाही. एक दिवा फुटला. चेहऱ्यावरून पाणी ओघळत असलेले आबा अजून चाक छातीशी धरून त्याला समजावत होते.

म्हातारे साहेब हसले नाहीत. त्यांनी नापास लिहिलं, कागद आबांच्या हातात दिला आणि कानडीत म्हणाले, "दफेदार, घोडा तुम्हाला ओळखतो. ही ओळखत नाही. सहा महिने शिका आणि परत या." हसला तो शेजारी उभ्या असलेल्या मोटारीतला माणूस, शेखरय्या. कॉफीच्या मळ्यांचा मालक, चाळिशीचा, पांढरे हातमोजे. तो स्वतःचा परवाना न्यायला आला होता. मालक लोकांना त्या वेळी परीक्षा नव्हती. अर्ज करायचा, सही करायची, परवाना खिशात. म्हणजे ज्याची भाकरी त्या परवान्यावर होती त्याला परीक्षा आणि ज्याला हौस होती त्याला सूट. आणि सूटवाला हसत होता.

हसून संपवलं असतं तर मीही विसरलो असतो. पण त्यानं त्याच संध्याकाळी आपल्या मित्रांसमोर खुर्चीवर बसून, खुर्चीची पाठ छातीशी ओढून, आबांची नक्कल केली. आठ दिवसांत ती गावभर झाली. जटक्याचे टांगेवाले करायचे, भाजीवाले करायचे, शाळेतून सुटलेली पोरं करायची. आबा बाजारात निघाले की मागून 'होऽ राजा' ऐकू यायचं. आबा म्हणायचे, "होगली बिडू," जाऊ दे, सोड. कानडी वळणाचा तो शब्द ते एरवी पेल्यातून पाणी सांडलं तर वापरायचे.

परत परीक्षा देईपर्यंत मुदत मिळाली होती, म्हणून त्या वर्षीच्या दसऱ्याच्या सवारीत आबा घोड्यावर होते, शेवटची सवारी, पण होते. आम्ही घरचे बन्नीमंटपाच्या वाटेवर सकाळपासून जागा धरून बसलेलो. चौघडा आला, हत्ती आले, मग रिसाला. आबांचा अबलख रांगेत असा चालत होता की शेजारची बाई म्हणाली, तुमचेच ना हे? अव्वानं, आमच्या आईनं, पदर सारखा केला. तेवढ्यात समोरून, मोटारीच्या पायरीवर उभ्या असलेल्या घोळक्यातून, खणखणीत आवाज आला. "होऽ राजा."

घोडा थांबला. अहो, तो का थांबणार नाही, त्याला तेच शिकवलं होतं. मागचा घोडा त्याच्यावर आदळला, रांग मोडली, कुणाचा भाला खाली पडला. हजारो माणसं हसली. मी त्या पायरीकडे बघितलं तर शेखरय्या तोंडावरचा हात खाली घेत होता. पांढरा हातमोजा.

आबांनी त्या दिवशी घोडा तबेल्यात बांधला, त्याच्या गळ्यावरून हात फिरवला आणि नोकरी सोडली. मोटारीच्या परीक्षेला ते परत गेले नाहीत. घोड्यावर तर पुन्हा कधीच बसले नाहीत. एका माणसानं एका आवाजात माझ्या बापाचे दोन्ही हात काढून घेतले. त्या रात्री मी कुठल्या देवाची शपथ वगैरे घेतली नाही. नुसतं ठरवलं, याचं उट्टं काढायचं, आणि काढीपर्यंत विसरायचं नाही. आमच्यात म्हणतातच, सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

मी मुरुगेश मेस्त्रीकडे शिकलो. हा तमिळ माणूस मोटार दुरुस्त करायचा आणि शिकवायचा, पण शिकवण्याआधी छळायचा. पहिले दोन महिने स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. चाकं धुवायची, इंजिन ऐकायचं, हँडल मारायचं. मग उभ्या मोटारीत बसवलं आणि डोळ्यांवर फडकं बांधून म्हणाला, ब्रेक दाब, क्लच दाब, आता ब्रेक, आता भोंगा. चुकलो की पाना गुडघ्यावर. वेदना झाली की मी मनात शेखरय्याचं नाव घ्यायचो आणि पुन्हा पाय उचलायचो. मेस्त्रीला वाटायचं पोरगा मोठा चिकाटीचा आहे. "पाय विचार करून हलला तर माणूस मेलाच समज," तो म्हणायचा. आबांना हे कुणी शिकवलं नव्हतं. पंधरा दिवसांत पंचवीस वर्षांचे पाय कसे विसरणार?

आता एक कबुली. या सगळ्या वर्षांत मला एक नाद लागला, आणि तो शेखरय्यालाही होता. विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी चामुंडीच्या घाटावर मोटारींची शर्यत व्हायची. रस्ता बंद करायचे, पायथ्याशी आणि माथ्यावर एकेक घड्याळवाला, आणि एकेक मोटार सोडायचे. आम्ही मधल्या मोठ्या वळणावर चुरमुऱ्यांच्या पुड्या घेऊन बसायचो. मोटार दिसण्याआधी ऐकू यायची. झाडांमागून गुरगुर चढत जायची, मग गिअर खाली टाकल्याचा तो घसा खाकरल्यासारखा आवाज, मग एकदम वळणावर ती स्वतः, मागचं चाक खडी उडवत, शेजारी बसलेला मेकॅनिक बाहेर लोंबकळून तोल सांभाळत. शर्यतीच्या इंजिनात एरंडेल घालायचे. लहानपणी ज्या एरंडेलानं मला रडवलं त्याचाच जळका वास नाकात गेला की माझ्या अंगावर काटा यायचा. इतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही, देवळातसुद्धा नाही.

आणि तिथे सगळ्यांत देखणं वळण कोण घ्यायचा? शेखरय्या. खोटं कशाला सांगू? तो वळणात शिरताना बाकीच्यांसारखी झटापट करत नसे. दोन बोटांनी वळवल्यासारखी मोटार आत घ्यायचा. लोक ओरडायचे, मीही तोंडात चुरमुरे असताना ओरडायचो, मग भानावर येऊन ते थुंकायचो. पण रिकाम्या घाटावर चालवणं निराळं आणि बोगादीच्या रस्त्यावर निजलेल्या गाडीवानामागे चालवणं निराळं. गावात तो तसाच चालवायचा, घाट मोकळा असल्यासारखा. बायकापोरं भिंतींना चिकटायची. चिरडलेल्या कोंबड्या-शेळ्यांची भरपाई त्याचा कारकून देऊन यायचा.

त्या सवारीनंतर बारा वर्षांनी मला परीक्षा घेणाऱ्याची जागा मिळाली. आणखी दोन वर्षांनी नियम निघाला: मालक असो की नोकर, जुना परवाना असला तरी परीक्षा सगळ्यांना, आणि परवान्याशिवाय शर्यतीत उतरता येणार नाही. तो कागद वाचला तेव्हा मी कचेरीत एकटाच होतो. मी खुर्चीतून उठून दार लावलं आणि मनसोक्त हसलो.

शेखरय्या पहिल्यांदा आला तो ऐटीत आला, मला बोगादीच्या रस्त्यावर घेऊन गेला आणि उडदावरून पन्नास पावलं घसरत नेली. नापास. दुसऱ्यांदा मागे न बघता मोटार मागे घेतली आणि एका म्हातारीची टोपली चिरडली. नापास. दोन्ही खरे होते. जे डोळ्यांनी बघितलं तेच मी लिहिलं. त्या दोन कागदांची चव अजून माझ्या जिभेवर आहे. दुसऱ्या वेळी सही बघून त्यानं विचारलं, "तुम्ही दफेदार खंडेरावांचे चिरंजीव का?"

"होय," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि हातमोजे काढून खिशात ठेवले.

तिसऱ्यांदा तो शर्यतीच्या चार दिवस आधी आला. नवी मोटार त्यानं त्याच शर्यतीसाठी समुद्रापलीकडून मागवली होती, सगळ्या गावाला ठाऊक होतं. चोपन्न वर्षांचा झाला होता. ही आपली शेवटची शर्यत, असं तो सांगत फिरत होता. मी शेजारी बसलो. त्यानं आधी उतरून चाकं बघितली, ब्रेक दाबून बघितला, मग हँडल मारलं. बोगादीच्या वाटेवर गाडीवान निजलेला होता. यानं भोंगा वाजवला नाही. मोटार थांबवली, उतरला, बैलांची वेसण धरून गाडी अलगद कडेला घेतली. गाडीवान जागासुद्धा झाला नाही. पुढे उडीद पसरलेला होता. तिथे थांबून बायकांना म्हणाला, "अक्का, एका चाकापुरती वाट करा, मी थांबतो." थांबला. चढावर मोटार उभी करून पुन्हा काढली, एक इंच मागे सरकली नाही. उतारावर तर ब्रेक असा धरला की माझ्या मांडीवरची पेन्सिलही घरंगळली नाही.

"कुणाकडे शिकलात?" मी विचारलं.

"मुरुगेश मेस्त्रीकडे. दोन महिने. या वयात गुडघ्यावर पाना खाल्ला," तो म्हणाला आणि हसला. ते चांगलं हसणं होतं. मला ते सहन झालं नाही. माझा मेस्त्री, माझा पाना, माझी चौदा वर्षं, आणि हा माणूस दोन महिन्यांत सगळं घेऊन आला होता.

बन्नीमंटपावर येऊन थांबलो. मी चूक शोधली. देवाशपथ, शोधली. सापडली नाही. मग मी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: 'उतारावर ब्रेक उशिरा. नापास.'

त्यानं कागद वाचला. पुन्हा वाचला.

"उतारावर?" त्यानं विचारलं.

"उतारावर."

"बरं," तो म्हणाला आणि कागदाची घडी केली. तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी ते पोटभर बघितलं.

शर्यतीच्या दिवशी मी त्याच मोठ्या वळणावर बसलो. आठ मोटारी वर गेल्या. एरंडेलाचा वास आला, खडी उडाली, लोक ओरडले. त्या वळणात कुणालाच मोटार नीट घेता येत नव्हती. शेजारचा माणूस म्हणाला, "शेखरय्या असता तर बघायला मजा आली असती." मी पुडी त्याच्या हातात दिली आणि उठून घरी आलो.

आबा ओसरीवर जुना तंग, खोगिराचा पट्टा, शिवत बसले होते. घोडा नाही, खोगीर नाही, पण तंग दर दसऱ्याला शिवायचा. मी त्यांच्यापुढे बसलो आणि सगळं सांगितलं, पहिला नापास, दुसरा, तिसरा, नवी मोटार झाकून ठेवावी लागली ते, त्याचं तोंड कसं झालं ते. सांगताना माझा आवाज चढला होता. चौदा वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो हाच.

आबांनी सुई थांबवली. "तिसऱ्या वेळी चालवली कशी त्यानं?"

"म्हणजे?"

"मोटार. चालवली कशी?"

आबांपुढे मला कधी खोटं बोलता आलं नाही.

"चांगली," मी म्हणालो.

आबांनी अंगठ्यानं तंगाची शिवण चाचपली. मग म्हणाले, "तुको, मी त्या दिवशी वाईट चालवली होती, रे. तो पाणक्या मेला असता. त्या म्हाताऱ्या साहेबाला माझी कीव येत होती, तरी त्यानं खरं लिहिलं. तेवढं एक माझ्याजवळ होतं, की मला नापास केलं ते खरं होतं." आणि सुई पुन्हा चालू केली. रागावले असते तर मी भांडलो असतो. मला भांडायचं होतं.

त्यांच्यावरच मला राग आला, लपवत नाही. ज्याच्यासाठी सूड घ्यायचा त्यानंच पाठ फिरवली तर माणसानं जावं कुठे? महिनाभर मी त्यांच्याशी नीट बोललो नाही. इकडे मुरुगेश मेस्त्री रस्त्यात भेटला तर मान वळवून जायला लागला. त्यानं कचेरीतल्या कारकुनांना सांगितलं होतं, शेखरय्याला मी स्वतः तयार केलं होतं, उतारावर त्याचा ब्रेक उशिरा पडणं शक्य नाही. कारकून मला 'साहेब' म्हणायचे पण परीक्षेचा कागद माझ्यासमोर ठेवताना एकमेकांकडे बघायचे.

या वर्षी, श्रावण सरता सरता, शेखरय्या चौथ्यांदा आला. दोन वर्षांत म्हातारा झालेला. चष्मा जाड. मोटारीत बसताना दाराची कडी हातानं चाचपून शोधली. मी शेजारी बसलो आणि चार पावलांत मला कळलं. याला दिसत नव्हतं. सगळंच नाही असं नाही, पण समोरचं बघायला तो मान तिरपी करायचा, कोंबडी करते तशी. बैलगाडीला थांबला तो घुंगरं ऐकून. चुन्याच्या रेघेवरून थेट गेला. बोगादीच्या वळणावर एक पांढरं वासरू रस्त्यात उभं होतं. त्याच्या शेपटीपासून वीतभर अंतरावरून आम्ही गेलो आणि याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. त्यानं ते बघितलंच नव्हतं.

मैदानावर थांबलो तेव्हा दोन कारकून फाटकाशी उभे होते, काही काम नसताना. मी टाक शाईत बुडवला. शेखरय्यानं जाड काचांतून माझ्या दिशेनं बघितलं आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "या वेळीही उतारावरच का, साहेब?"

कारकून हसले.

नापास हा एक शब्द लिहायचा होता. खरा शब्द. पण तो लिहिला असता तर साऱ्या गावानं म्हटलं असतं, बघा, दफेदाराचा पोरगा अजून उट्टं काढतोय. माझ्या खऱ्याला आता कुणी खरं म्हणणार नव्हतं, आणि ते मी माझ्याच हातानं करून ठेवलेलं होतं. मला लाज वाटली आणि लाजेपोटी मी पास लिहिलं. त्यानं कागद डोळ्यांना लावून वाचला, मला हात जोडले आणि भोंगा वाजवत निघून गेला.

शर्यतीत यंदाही तो उतरणार नाही म्हणे, आता त्याला ती हौस राहिलेली नाही. पण रोज गावात फिरतो. मोटार कुठून येते आहे ते आमच्या गल्लीतल्या पोरांना आवाजावरून कळतं आणि ती पायऱ्यांवर चढतात.

आज सकाळी आबा दारापुढे वेताच्या खुर्चीत बसले होते. पाय सुजतात म्हणून फिरता येत नाही आणि घरात कोंदट वाटतं त्यांना, रस्त्याच्या कडेला बसून ते पूजेसाठी सजवलेल्या मोटारी बघतात. मी आत दाढी करत होतो. गल्लीच्या तोंडाशी ते इंजिन ऐकू आलं. मी तसाच, अर्ध्या तोंडाला साबण, बाहेर धावलो आणि खुर्चीसकट आबांना उचलून उंबऱ्यापर्यंत आणलं.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"ऊन आलंय."

आबांनी वर बघितलं. आभाळ पहाटेपासून भरलेलं होतं. मग त्यांनी गल्लीच्या तोंडाकडे कान दिला.

"शेखरय्या ना हा? त्याला तू पास केलंस ना?"

"होय, आबा."

"मग मला बाहेरच बसू दे," आबा म्हणाले.

मी खुर्ची परत होती तिथे नेऊन ठेवली आणि त्यांच्या पुढे, रस्त्याच्या बाजूला, उभा राहिलो.